अण्णांच्या तबकड्या आणि माझे कान

गाणं ऐकणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'तुमचा सगळ्यात आवडता गायक कोण?' पंचविशीत मी या प्रश्नाचं उत्तर चटकन देत असे. आता पंचाहत्तरी आली, तर उत्तर द्यायला वेळ लागतो. कारण यादी सारखी बदलते. नवे कलावंत तिच्यात येतात, त्याचं नवल नाही. नवल याचं, की ज्यांना मी तरुणपणी बाद करून टाकलं होतं, तेच पुन्हा येऊन मानाच्या जागी बसतात. अशाच एका परत आलेल्या आवाजाबद्दल आणि तो का परत आला याबद्दल आज थोडं बोलणार आहे.

आमचं घर हरिहरेश्वरचं. काळभैरवाच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर. सुपारीची लहानशी वाडी, कौलारू घर आणि रात्री निजताना समुद्राचा आवाज. घरात वीज येण्याआधीपासून एक चावीचा ग्रामोफोन होता. एका वर्षी सुपारीला बरा भाव मिळाला, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो मुंबईहून जुना विकत आणला होता. बरोबर चाळीसेक तबकड्या. पुढे गावात सुट्टीला येणारे चाकरमानी एखाददुसरी आणून देत. संध्याकाळी दिवेलागण झाली की अण्णा चावी भरत, डबीतून नवी सुई काढत आणि ठरलेली तबकडी लावत. ती असे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची.

मला तो आवाज अजिबात आवडत नसे. बारीक, नाकातला, वर वर चढलेला, आणि त्यावर खरखर. मी आणि माझी बहीण नाक दाबून त्याची नक्कल करायचो. अण्णा रागावत नसत. 'तुमचे कान अजून पिकायचेत,' एवढंच म्हणत. त्यांची स्वतःची तक्रार वेगळीच होती. ते पेटी घेऊन तबकडीबरोबर सूर धरायला बसत आणि दर वेळी वैतागत, 'हे दोन पट्ट्यांच्या मधेच लटकतंय. पेटी तरी उतरलीय, नाहीतर माझे कान तरी.' हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मी नोकरीसाठी मुंबईला गेलो, बँकेत लागलो, गिरगावात राहिलो. तिथे खरं गाणं कानावर पडलं. गणेशोत्सवातल्या मैफली आणि शनिवारी रात्री आकाशवाणीवरची राष्ट्रीय संगीत सभा. भीमसेन जोशी आणि प्रभा अत्रे ही माझी दोन दैवतं. प्रभाताईंची मारुबिहाग आणि कलावतीची लाँगप्ले मी इतक्यांदा वाजवली, की शेजारच्यांनाही पाठ झाली. अण्णांच्या तबकड्या आता माळ्यावर गेल्या होत्या. अण्णा गेले, तरी त्या तिथेच राहिल्या.

आवडता कलावंत सापडला की जाणता रसिक एक गोष्ट करतो. तो धागा धरून मागे जातो. गुरू कोण, गुरूचे गुरू कोण, हे शोधतो. मीही ते केलं आणि थोडा ओशाळलो. भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ. गदगला लहानपणी भीमसेनजींनी दुकानात वाजणारी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली आणि असं आपल्याला आलं पाहिजे म्हणून 1933 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडलं, हे त्यांनीच पुढे सांगितलेलं आहे. प्रभाताईंचे गुरू सुरेशबाबू माने आणि नंतर हिराबाई बडोदेकर. ही भावंडं म्हणजे खाँसाहेबांचीच मुलं. हिराबाईंची मुख्य तालीम अब्दुल वहीद खाँ यांच्याकडची, पण घराणं तेच, किराणा. म्हणजे ज्या दोन झाडांच्या सावलीत मी बसलो होतो, त्यांची मुळं आमच्याच माळ्यावर धूळ खात पडली होती.

तरीही मी ती तबकडी लावली नाही. माहिती झाली म्हणून गोडी लागत नाही. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या बाबतीत हेच झालं होतं. तिशीत त्यांची एक मैफल मी मध्यंतरात सोडून आलो. अनवट राग, न थांबणारी चाल, माझ्या हाताला काही लागेना. दहा वर्षांनी रात्री रेडिओवर तेच गाणं ऐकलं आणि झोप उडाली. मन्सूरांचं पहिलं शिक्षण मिरजेला नीलकंठबुवांकडे, ग्वाल्हेर पद्धतीचं. पुढे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे जयपूर-अत्रौलीचं. त्यांची मोठी कीर्ती झाली ती साठी उलटल्यावर. कलावंताला पिकायला इतकी वर्षं लागतात, मग ऐकणाऱ्यालाही लागणारच, असं मी मनाशी म्हटलं आणि खाँसाहेबांचा विषय पुढे ढकलला.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं गावी परतलो. 2018 मध्ये माझ्या लक्षात आलं, की बायको काय बोलते ते नीट कळत नाही. 'स' आणि 'श' निसटतात. त्याहून वाईट म्हणजे, माझ्या आवडत्या ध्वनिमुद्रणांमधला तानपुरा मंद झाला होता. त्याची ती जवारीची झळाळी गेली होती. तपासणीत कळलं, की दोन्ही कानांची वरच्या कंपनांची बाजू उतरली आहे. वयानुसार बहुतेकांची उतरते, आणि आधी जातात ते बारीक, उंच आवाज. तरुण कान सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू शकतो. माझा कान तीन-चार हजारांच्या पुढे घसरत होता.

श्रवणयंत्र घेतलं. बोलणं कळू लागलं, पण गाणं बिघडलं. यंत्र घेणाऱ्या प्रत्येक रसिकाला हे सांगावंसं वाटतं. ही यंत्रं मुख्यतः बोलण्यासाठी जुळवलेली असतात. हळू आवाज ती वाढवतात, मोठा दाबतात. म्हणजे गाण्यातला चढउतार सपाट होतो. शिवाय यंत्र स्वतःच शिट्टी मारू नये म्हणून त्यात एक सोय असते. तानपुऱ्याचा किंवा बासरीचा लांबलेला सूर म्हणजे अशीच शिट्टी, असा तिचा कधी कधी समज होतो आणि तो सूर ती छाटते. पुष्कळ यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी करून मिळते, पण ती मागावी लागते. मला हे दोन वर्षांनी कळलं. मधली दोन वर्षं मी गाणं जवळजवळ बंद केलं होतं. कुणाजवळ बोललो नाही. ज्यावर आयुष्य काढलं तेच हातचं जातंय, हे बोलायचं तरी कसं?

मग 3 जून 2020 आला. निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकलं. वाडीतल्या निम्म्याहून जास्त सुपाऱ्या आडव्या झाल्या, घराची कौलं उडाली, माळा खाली आला आणि त्याबरोबर अण्णांच्या तबकड्याही. जुन्या तबकड्या लाखेच्या. लाखेत दगडाची भुकटी मिसळून त्या करत. पावसाने त्या एकदम खराब होत नाहीत, पण पडल्या की काचेसारख्या फुटतात. चिखलातून तुकडे वेचताना पहिल्यांदा मला अण्णांची आठवण येऊन रडू आलं. चाळीसातल्या अकरा धड निघाल्या. त्यांत खाँसाहेबांची एक होती.

वीज परत यायला काही आठवडे लागले. रेडिओचे सेल संपले, मोबाइल बंद. ताडपत्रीखाली बसून एका रात्री बायको म्हणाली, 'तो चावीचा बघा ना चालतो का.' खोक्यात होता म्हणून तो वाचला होता. तेल घातलं, चावी भरली, डबीतली गंजलेली सुई घासून लावली. आवाज आला, तोच जुना, बारीक. आणि मला अण्णांचं ते वाक्य आठवलं, दोन पट्ट्यांच्या मधे लटकतंय.

मी तबकडीवर कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून मिनिटाचे फेरे मोजले. 84 भरले. हवेत 78. वेग इतका वाढला की सूर पेटीवरच्या एका पट्टीहून थोडा जास्तच चढतो. म्हणून अण्णांची पेटी कधी जुळली नाही, आणि म्हणून आम्हा मुलांना तो आवाज चिरका वाटला. वेगाचा स्क्रू मी हळूहळू मागे घेतला. 78 वर आला, आणि गळा एकदम माणसाचा झाला. बारीक तो तेव्हाही होता, तो खाँसाहेबांचा स्वभावच. पण त्यात आता ओलावा होता. सुराला सूर असा चिकटलेला, की मधे फट दिसू नये. आम्ही ती बाजू त्या रात्री सात वेळा ऐकली.

जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना तीन गोष्टी माहीत असाव्यात, नाहीतर माझ्यासारखा अन्याय होतो. पहिली, वेग. सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या नेमक्या 78 वेगाने कोरलेल्या नसत. आज इंटरनेटवर चढवलेल्या पुष्कळ गाण्यांची पट्टीही त्यामुळे चुकलेली असते. आवाज पोरकट किंवा घोगरा वाटला तर आधी वेगावर संशय घ्यावा.

दुसरी गोष्ट वेळेची. तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत. आणि किराण्याची खरी ओळख म्हणजे एकेका सुरावर थांबत केलेली संथ बढत. ती तीन मिनिटांत कशी मावणार? तेव्हा तबकडीत आहे ती मैफल नाही. पत्रिकेवर छापलेल्या नावावरून लग्नाचा थाट कळत नाही, तसंच हे. कलावंताने काय गाळलं असेल, याचा अंदाज घेत ऐकायचं.

तिसरी गोष्ट मायक्रोफोनची. 1925 पर्यंत गायक एका कर्ण्यात तोंड घालून गात. त्यात साधारण अडीच-तीन हजार कंपनांच्या वरचं फारसं उमटत नसे. विजेचा मायक्रोफोन आल्यावर ती मर्यादा पाच हजारांच्या आसपास गेली. म्हणजे आपण ऐकतो तो आवाज वरून कापलेला असतो.

या तिसऱ्या गोष्टीशी मी बराच वेळ थांबलो. माझे कानही वरून कापलेलेच! पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज सेकंदाला साधारण 139 कंपनांचा, तार षड्ज त्याच्या दुप्पट. गाण्याचे मूळ सूर हजाराच्या आतच खेळतात. त्याच्या वर असते ती झळाळी, व्यंजनांची धार, तानपुऱ्याचं चकाकणं. नव्या ध्वनिमुद्रणात ते सगळं असतं, आणि मला ते ऐकू येत नाही, म्हणून ते मला उणं वाटतं. जुन्या तबकडीत ते मुळातच नाही. जेवढं तिच्यात आहे, जवळजवळ तेवढं सगळं माझ्या कानांपर्यंत पोचतं. वरची खरखरही मला आता फारशी बोचत नाही. अण्णा म्हणत होते ते 'कान पिकणं' हेच का, कोण जाणे.

पुढे वीज आली, नात सुट्टीला आली. 'आजोबा, हे बघा,' म्हणून तिने मोबाइलवर खाँसाहेबांची शोधून काढता येतील तेवढी ध्वनिमुद्रणं लावून दिली. त्यांत कर्नाटकी पद्धतीची एक त्यागराजांची रचनाही निघाली. दक्षिणेतलं संगीत त्यांनी आवडीने आत्मसात केलं होतं. 1937 मध्ये तिकडच्याच प्रवासात, सिंगपेरुमल कोइल या लहानशा रेल्वे स्थानकावर त्यांचं निधन झालं. मिरजेच्या दर्ग्याजवळ त्यांची कबर आहे आणि तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणंबजावणं होतं. गेल्या वर्षी मी तिथे जाऊन आलो. साठ वर्षं उशिरा, पण गेलो.

नातीला मी खाँसाहेब आवडून घे असं म्हणत नाही. तिची स्वतःची गाणी असतात, त्यांतली काही मला कळत नाहीत. ती मी बाद मात्र करत नाही. 'राहू दे, दहा वर्षांनी ऐकू,' असं म्हणतो. ती हसते. माझ्या वयात दहा वर्षांचा वायदा करणं धाडसाचंच आहे.

तुमच्याही घरात एखादं कपाट असेल. वडिलांच्या कॅसेटी, आईच्या आवडीची एखादी तबकडी, 'हे काय रडगाणं' म्हणून बाजूला टाकलेला एखादा कलावंत. एकदा वेग तपासून, कानाचं यंत्र जुळवून, वेळ काढून ते पुन्हा लावून बघा. नाही आवडलं, तर तीन मिनिटंच जातात. आणि आवडलंच, तर ज्यांनी ते आधी ऐकलं, त्यांच्याशी बोलायचं राहून गेलेलं थोडं बोलून होतं.

अण्णांची पेटी अजून आहे. परवा तिच्यावर तबकडीचा सूर धरून पाहिला. बरोबर एका पट्टीवर बसला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)