चार्जरवरची बारीक अक्षरं

हरसूल म्हणजे त्र्यंबकेश्वर तालुक्यातला डोंगराळ, धो धो पावसाचा पट्टा. इथे कामासाठी लॅपटॉप घेणाऱ्याने प्रोसेसर नंतर बघावा. आधी चार्जरचा काळा ठोकळा उलटा करावा. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: इनपुट १००–२४० व्होल्ट.

किती मोठी गोष्ट आहे ही! घरात २३० व्होल्ट यायला हवेत. ते १५०वर घसरले की पंखा रेंगाळतो, जुनी ट्यूब नुसती फडफडते. हा ठोकळा मात्र लॅपटॉपला ठरलेले १९-२० व्होल्ट निमूट देत राहतो. आलेली वीज तो सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. व्होल्टेज पडलं की प्रत्येक जोडणी किंचित लांबवतो. तोडजोड इतकी जलद असते म्हणूनच आतला ट्रान्सफॉर्मर एवढासा पुरतो. विजा कडाडू लागल्या की मात्र प्लग काढायचाच, तिथे त्याचं काही चालत नाही.

वीज गेलीच तर? बॅटरीवरचा वॅट-अवरचा आकडा बघा. ५० वॅट-अवरची बॅटरी, लिहिण्या-वाचण्याचं काम साधारण १० वॅटचं, म्हणजे पाच तास. आणि मीटरवरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-अवर! वाया जाणारी वीज धरूनही त्यात ही बॅटरी पंधराएक वेळा भरते. डेस्कटॉपला हे सुख नाही. त्याला वेगळा यूपीएस लागतो.

लॅपटॉपची खोड एकच. पडदा आणि कीबोर्ड जोडलेले, त्यामुळे मान तरी वाकते नाहीतर हात तरी अवघडतात. स्टँड घेऊन पडदा डोळ्यांसमोर आणा आणि कीबोर्ड वेगळा जोडा. स्टँडविना नुसता माउस घेणं मला तरी अर्धवट वाटतं.

कीबोर्ड देवनागरी छापलेला मिळाला तर उत्तमच. १९९१च्या भारतीय मानकातली इनस्क्रिप्ट मांडणी बघत राहावी अशी आहे: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. क च्या कळीवर शिफ्ट दाबला की ख. तिच्या वरच्याच कळीवर ग, शिफ्टसह घ. ‘हरसूल’ लिहिताना चारही व्यंजनं उजव्या हाताने उमटतात, डाव्याकडे फक्त दीर्घ ऊकार. बंगाली किंवा तेलुगूतही क त्याच कळीवर असतो.

तेव्हा नाशिकला दुकानात गेलात की दुकानदाराला म्हणा, भाव नंतर सांगा, आधी चार्जर दाखवा.