कोयत्याची जखम आणि चिकटपट्टी : कोणती, कुठे, कशी?



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडव्याची निगा आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय वेगळा वाटेल. पण तो आपल्या फडातलाच आहे. जखमेवर लावायची चिकटपट्टी. एवढ्याशा पट्टीवर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हीही पूर्वी असेच म्हणत होतो.

काही हंगामांपूर्वीची गोष्ट. गोदाकाठच्या एका फडात बीडकडची टोळी तोडणीला होती. ऊस धरलेल्या डाव्या हाताच्या बोटावर एका गड्याचा कोयता बसला. रक्त बरेच गेले. फडाचे मालक आपले सभासद, मनाचे चांगले. ते धावत मोटारीच्या खोलीत गेले आणि वायरला गुंडाळायची काळी टेप घेऊन आले. बोटाभोवती चार वेढे ताणून दिले. रक्त थांबले. गडी म्हणाला, "साहेब, एवढ्याशानं काय व्हतंय?" आणि पुन्हा मोळी बांधायला लागला. आम्ही तिथेच उभे होतो, आणि काही बोललो नाही.

चौथ्या दिवशी चिटबॉयने निरोप आणला की त्या गड्याला ताप आहे. जाऊन टेप सोडली तेव्हा बोट काळेनिळे पडले होते आणि वास येत होता. दवाखान्यात बोटाचे पुढचे पेर काढावे लागले. नवराबायकोचा एक कोयता उरलेला हंगाम जवळजवळ बसून राहिला, आणि घेतलेली उचल अंगावर तशीच राहिली. टेप देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. ज्याला कळायला हवे होते तो गप्प राहिला, हा दोष आमचा. म्हणून हा लेख.

पट्टी जखम बरी करत नाही

ही पहिली गोष्ट ध्यानात धरावी. जखम शरीर बरी करते. पट्टीचे काम एकच : स्वच्छ गॉज जागेवर धरून ठेवणे. त्यामुळे पट्टीच्या आधीची कामे नीट झाली नाहीत तर भारी पट्टीही उपयोगाची नाही.

रक्त येत असेल तर स्वच्छ फडके जखमेवर ठेवून दहा मिनिटे घट्ट दाबावे आणि हात वर धरावा. मधूनमधून उचलून पाहू नये. रक्त थांबले की पिण्याच्या पाण्याने जखम भरपूर धुवावी, भोवतीच्या कातडीला साबण लावावा. हळद, राख, तंबाखू, कॉफीची पूड, रॉकेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये; त्याने घाण आत राहते आणि डॉक्टरांना जखम दिसतही नाही. मग भोवतालची कातडी टिपून कोरडी करावी. घामावर, तेलावर आणि उसाच्या चिकट रसावर कोणतीच पट्टी धरत नाही.

दुकानात मिळणाऱ्या पट्ट्या

औषधाच्या दुकानात "चिकटपट्टी द्या" एवढेच म्हटले तर हाताला येईल ती मिळते. प्रकार माहीत असले तर नेमकी मागता येते.

पांढरी कापडी पट्टी सगळ्यांच्या ओळखीची. आपण तिला सरसकट ल्युकोप्लास्ट म्हणतो. ते नाव जर्मनीतल्या बायर्सडॉर्फ कंपनीने १९०१ साली बाजारात आणलेल्या पट्टीचे. सुती कापडावर रबराचा चीक आणि झिंक ऑक्साइड अशी तिची जुनी घडण. ती मजबूत धरते, हाताने फाडता येते आणि घामात त्यातल्या त्यात टिकते. म्हणून फडात काम करणाऱ्याच्या पायाला, पोटरीला ती बरी. दोष असा की काढताना केस आणि कातडी ओढते, आणि काहींना तिच्याखाली लाल पुरळ उठून खाज सुटते. अशा माणसाला ती पुन्हा लावू नये.

कागदी पट्टी, जिला दुकानदार मायक्रोपोर म्हणतात, ती हलकी असते. तिच्यातून हवा खेळते आणि काढताना त्रास कमी होतो. चेहऱ्याला, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांच्या पातळ कातडीला हीच घ्यावी. पण पाणी आणि घाम लागला की ती सुटते. उसाला पाणी धरणाऱ्याच्या पायावर ती दुपारपर्यंतही राहायची नाही.

ताणली जाणारी पट्टी, म्हणजे डायनाप्लास्टसारखी, गुडघा, कोपर आणि अंगठ्याचा सांधा अशा वाकणाऱ्या जागांसाठी. सांधा थोडा वाकवूनच ती लावावी आणि ताणून आवळू नये.

तयार छोटी पट्टी, जिच्या मध्येच गॉज असतो, ती बारीक चिरेपुरती. उसाच्या पात्याने कापले, द्राक्षाच्या छाटणीत कात्री लागली, तर ही पुरे. अमेरिकेत अर्ल डिक्सन नावाच्या गृहस्थाने १९२० साली ती तयार केली, कारण स्वयंपाक करताना त्याच्या बायकोची बोटे वारंवार कापत. ती ओली झाली की लगेच बदलावी. ओल्या पट्टीखाली कातडी पांढरी पडून फुगते आणि जखम चिघळते.

राहिली ती मोटारीच्या खोलीतली काळी टेप आणि पुडके बांधायची पारदर्शक टेप. या दोन्ही वायरीसाठी आणि कागदासाठी आहेत, कातडीसाठी नाहीत. त्यातून हवा जात नाही, घाम आत कोंडतो, आणि ताणून गुंडाळली की रक्त अडते.

लावायची रीत

गॉजच्या दोन्ही बाजूंना साधारण एक इंच पट्टी कातडीवर यावी. पट्टी न ताणता ठेवावी आणि मग बोटाने दाबून बसवावी. ताणून लावली तर कडेला फोड येतात.

बोटाला पट्टी गोल गुंडाळू नये. इजा झालेले बोट तासा-दोन तासांत सुजते, पट्टी मात्र वाढत नाही. तिरपी, आट्याआट्यांनी, सैलसर लावावी आणि बोटाचे टोक उघडे ठेवावे. टोक दाबून सोडले की पांढरे होऊन लगेच पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. थंड, निळे किंवा बधिर वाटले तर पट्टी त्याच क्षणी सोडावी.

हाताला सारखा घाम येत असेल तर सोपा उपाय आहे. गॉजवरून पट्टीचा रूळ सैल गुंडाळावा आणि चिकटपट्टी कातडीला न लावता रुळाच्या टोकाला लावावी. ज्यांना पट्टीची ॲलर्जी आहे त्यांनाही हेच सोयीचे.

काढताना झटका देऊ नये. एका हाताने कातडी धरून ठेवावी आणि पट्टी केसांच्या दिशेने, कातडीला लागूनच हळू मागे न्यावी. फारच चिकटली असेल तर कडेला थोडे गोडेतेल लावावे. तेल जखमेत जाऊ देऊ नये. गॉज रोज बदलावा. भिजला वा मळला तर त्याआधीच.

इथे पट्टीवर भागत नाही

पायात उसाचा तासलेला बुडखा घुसला तर जखम वरून लहान दिसते, पण आत खोल असते. ती वरून पट्टीने बंद करू नये. धुऊन दवाखान्यात जावे. कुत्रा चावला, किंवा आपल्या निफाड-सिन्नर भागात उसात दडलेल्या बिबट्याने ओरबाडले, तर जखम साबण-पाण्याने सलग पंधरा मिनिटे धुवावी, घट्ट बांधू नये, आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी जावे. तोंड उघडे पडलेली जखम, दाबूनही न थांबणारे रक्त, वाकवता न येणारे बोट, ठणका, पू, पसरणारी लाली, ताप, यांपैकी काहीही दिसले तर पट्टी बदलत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने न्यावे.

धनुर्वाताचे इंजेक्शन कोयत्याच्या आणि मातीच्या प्रत्येक जखमेनंतर विचारून घ्यावे. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. मातीने मळलेली जखम असेल आणि आधीच्या इंजेक्शनला पाच वर्षे होऊन गेली असतील तर ते पुन्हा घ्यावे लागते. आठवत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगावे.

मधुमेही सभासदांना एक वेगळी विनंती. पायाला बधिरपणा असला की आवळलेली पट्टी टोचत नाही, फोड आलेला कळत नाही. रोज संध्याकाळी पट्टी उघडून, उजेडात, घरातल्या दुसऱ्या माणसाकडून पाय पाहून घ्यावा.

फडावर एक डबा

आमचे म्हणणे एवढेच. आपल्या उसाला तोड लागली की कोयत्यांबरोबर एक डबाही फडावर असावा : साबणाची वडी, गॉज, पट्टीचे दोन रूळ, एक इंची कापडी पट्टी, कागदी पट्टी, काही तयार पट्ट्या आणि एक कात्री. डबा ट्रॅक्टरच्या तापलेल्या टपावर ठेवू नये. उन्हात पट्टीचा चीक वितळून ती वाया जाते. झाडाखाली, पाण्याच्या हंड्याजवळ ठेवावा आणि मुकादमाला व टोळीतल्या बायांना दाखवून ठेवावा. खर्च फार नाही. एक कोयता बसला की टोळीची तोड मागे पडते, तुटलेला ऊस फडात वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हा हिशेब आपल्याला सांगायला नको. पण तो हिशेब बाजूला ठेवला तरी, आपला ऊस तोडायला आलेल्या माणसाने आला तसा दहा बोटांनी घरी परत जावे, एवढे आपण पाहिलेच पाहिजे.

त्या गड्याची टोळी पुढेही आपल्याकडे आली. तो कोयता उजव्या हातात धरतो आणि ऊस आखूड बोटाने आवळतो. आम्हाला पाहून हसतो, रामराम करतो. आमची नजर मात्र आधी त्याच्या बोटाकडे जाते.

आपले,
ऊस विकास विभाग