घडीव की ओतीव?

पातूरला आमच्या घराजवळ लोहाराची भट्टी होती. पेरणीआधी वडील वखराची पास पाजवून आणायला मला तिकडे पाठवीत. मी भाता ओढायचो आणि लोहारकाका सांगायचे, "घडलेलं लोखंड वाकते पोरा, ओतलेलं तुटते." पन्नास वर्षांनी हे वाक्य आठवले ते पुण्यात, गोल्फच्या दुकानात!

निवृत्तीनंतर मी गोल्फ खेळू लागलो. हा खेळ आपल्याकडे नवा नाही. पूना गोल्फ क्लब १८८६ सालचा आहे. बहुतेक मोठ्या मैदानांवर ७२ फटक्यांत डाव पुरा करणे ही कसोटी. माझा हँडिकॅप १५, म्हणजे चांगल्या दिवशी मला सत्त्याऐंशीच्या आसपास फटके लागतात. नवखेपण सरले, पण तरबेज झालो नाही. मोह होतो तो याच टप्प्यावर.

गवतावरून चेंडू नेमक्या अंतरावर टाकण्यासाठी ज्या काठ्या वापरतात, त्यांना आयर्न म्हणतात. हँडिकॅप बावीसचा अठरा झाला तेव्हा मी हौसेने पातळ, सपाट पाठीचा जुना फोर्ज्ड संच घेतला. नामवंत खेळाडू तसलेच वापरतात ना! चेंडू मधोमध लागला की लोण्यासारखा जाई. जरा बाजूला लागला की हाताला झिणझिण्या आणि चेंडू वीस पावले अलीकडे. सबंध हंगाम वाया गेला.

चूक कुठे झाली? फोर्ज्ड म्हणजे घडीव. कार्बन पोलादाची कांडी तापवून साच्यात दाबतात, मग घासून आकार देतात. ओतीव आयर्नमध्ये बहुधा वितळलेले स्टेनलेस पोलाद साच्यात ओततात. फोर्ज्ड हे बनवण्याच्या रीतीचे नाव आहे, आकाराचे नव्हे, हे मला ठाऊक नव्हते. चुकलेला फटका सांभाळतो तो आकार. कार्स्टन सोल्हाइम या इंजिनिअरने १९५९ मध्ये पिंग कंपनी सुरू केली आणि पुढे आयर्नचे वजन मधून काढून कडेला नेले. त्यामुळे चेंडू बाजूला लागला तरी क्लबचे डोके कमी वळते. असा पोकळ पाठीचा आयर्न घडीवही मिळतो, ओतीवही.

मग घडीवचा फायदा काय? लोहारकाकांचेच उत्तर: तो वाकतो. दांडा आणि जमीन यांतला कोन एखाद-दोन अंशांनी बदलून खेळणाऱ्याच्या उंचीला, उभे राहण्याच्या ढबीला जुळवता येतो. कडक ओतीव पोलाद तितके सहज वाकत नाही. 'मऊ लागतो' म्हणतात, त्यात मात्र आवाजाचाही मोठा वाटा असतो.

म्हणून या वेळी आधी परीक्षा घेतली. क्लबच्या तोंडावर पावडरचा पातळ थर दिला आणि सात नंबरच्या आयर्नने वीस चेंडू मारले. ठसे मधोमध एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत आले, तर पातळ आयर्नचा विचार करावा. तोंडभर पसरले, तर पोकळ पाठीचाच घ्यावा. माझे पसरले होते! लांब पल्ल्याच्या आयर्नने तर फारच.

शेवटी लांब पल्ल्याचे आयर्न ओतीव, रुंद तळाचे घेतले. आठ नंबरपासून पुढचे घडीव, पण पोकळ पाठीचे. त्यांचा कोन एक अंश वाकवून घेतला. दांड्याचे वजनही मारून पाहूनच ठरवले. उरलेल्या पैशांतून प्रशिक्षकाकडे दहा धडे घेतले. हँडिकॅप अजून पंधराच आहे; पण फटका चुकला तर कोण चुकले, हे आता मला कळते.

वडील बैलजोडी पाहून पास निवडीत. हलकी जोडी असली तर पास लहान. शेजाऱ्याच्या वखराला मोठी पास आहे म्हणून आपल्या बैलांना कुणी मोठी लावत नसे.