व्हिएतनामचे युद्ध आणि आपली एक आख्यायिका

अमेरिकेसारख्या महासत्तेला तुम्ही कसे नमविले, या प्रश्नावर व्हिएतनामी नेत्याने शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याचा हवाला दिला आणि पुढे तेथील मंत्र्यांनी रायगडाची माती मस्तकी लावून मायदेशी नेली, ही कथा महाराष्ट्रातील व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. ते मूळ भाषण कोणते, कोणत्या दिवशीचे, हे मात्र सांगणारे सांगत नाहीत. तौलनिक साहित्याभ्यासात प्रभाव आणि साधर्म्य असा एक जुना भेद आहे. प्रभाव म्हणावयाचा तर कोणी, केव्हा, कोणत्या भाषेतून वाचले हे दाखवावे लागते. साधर्म्याला परस्परपरिचयाची अट नसते.

जनरल गिआप हे मूळचे इतिहासाचे शिक्षक होते आणि त्यांच्यापुढे स्वदेशाचीच उदाहरणे होती. 1288 साली त्रान हुंग दाओ याने बाख दांग नदीच्या पात्रात लोखंडी टोकांचे खांब रोवले, भरतीच्या वेळी मंगोल नौकांना आत ओढले आणि ओहोटीत त्या अडकवून नष्ट केल्या. 1418 पासून 1427 पर्यंत ले लोई मिंग सैन्याशी लढला. त्या विजयाचे जाहीरपत्र न्गुयेन त्राय या कवीने अभिजात चिनी भाषेत लिहिले. शिवाय माओचे लेखन होते आणि 1954 साली दिएन बिएन फू येथे फ्रेंचांना हरविल्याचा अनुभव होता. एवढी शिदोरी गाठीशी असलेल्या राष्ट्राला आपले शिष्य ठरविण्यात महाराजांचा गौरव किती होतो, हा प्रश्नच आहे. त्या लोकांचा इतिहास मात्र पुसला जातो.

साधर्म्य मात्र खरेच आहे, पण ते शिवकालापेक्षा नंतरच्या पंचवीस वर्षांत अधिक स्पष्ट दिसते. औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. संभाजी महाराज 1689 मध्ये मारले गेले, रायगड पडला, तरी युद्ध संपेना. राजाराम महाराज जिंजीला गेले आणि तो किल्ला सुमारे आठ वर्षे झुंजला. ठाणी मोगलांकडे आणि मुलूख मराठ्यांकडे, अशी ती स्थिती होती. 1965 च्या मार्चमध्ये दानांगला उतरलेल्या आणि 1969 पर्यंत 5 लाख 40 हजारांवर गेलेल्या अमेरिकी सैन्याचाही अनुभव याहून फार निराळा नव्हता.

येथून पुढे तुलना तुटते. मोगलांच्या अवाढव्य छावणीची रसद संताजी-धनाजींनी तोडली. हा धडा कंपनी सरकारने चांगला गिरविला. हे टिपण जेथे लिहीत आहे त्या हुणसूर गावी पुढे ज्या अमृतमहाल खात्याचे ठाणे होते, त्याच जातीच्या म्हैसुरी बैलांच्या बळावर वेलस्ली 1803 साली पुण्याकडे झपाट्याने चालून गेला. अमेरिकेला तर विमाने, जहाजे, हेलिकॉप्टरे कशाचीच वाण नव्हती. उलट रसदीची चिंता व्हिएतनामींनाच होती. रशिया व चीन यांची मदत लाओस-कंबोडियाच्या जंगलवाटांनी दक्षिणेत न्यावी लागे. मराठ्यांना असा परका पाठीराखा नव्हता.

अमेरिकेचे बळ घरीच खचले. 1968 च्या तेत सणातील हल्ल्यात व्हिएतनामी कम्युनिस्टांची जबर हानी झाली, परंतु विजय जवळ आल्याच्या सरकारी आश्वासनांवरील अमेरिकी जनतेचा विश्वास उडाला. 31 मार्च रोजी जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढविण्याचे घोषित केले; 1973 मध्ये पॅरिस करार झाला आणि 30 एप्रिल 1975 रोजी सायगाव पडले. 58 हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले, व्हिएतनामी माणसे त्याच्या कैक पटींनी. औरंगजेबाला जाब विचारणारा मतदार नव्हता. तो 1707 साली अहमदनगरला मरेपर्यंत दख्खनमध्येच अडकून राहिला.