आठ मिलिमीटरचा हिशोब

यामाहाची आरएक्स 100 ही 1985 मध्ये भारतीय रस्त्यावर आली तेव्हा तिच्या सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, 50 मिलिमीटर होता आणि पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वरखाली होण्याचं अंतर, तेही 50. पुढे आलेल्या आरएक्स 135 चा स्ट्रोक तोच राहिला, बोअर मात्र 58 झाला. व्यासाचा वर्ग धरून गणित केलं तर पहिल्या गाडीचे 98 सीसी भरतात आणि दुसरीचे 132. व्यास 16 टक्क्यांनी वाढला आणि आकारमान जवळजवळ 35 टक्क्यांनी. ‘बिग बोअर’ नावाच्या साऱ्या उद्योगाचा पाया एवढाच आहे, आणि इथे तो खुद्द कंपनीने घातलेला दिसतो.

शर्यतीच्या चारचाकी क्वाडवर हा उद्योग सर्वात जास्त फोफावला तो अमेरिकेत. तिथे 1987 पासून विकल्या गेलेल्या यामाहा बॅन्शीचं इंजिन पाण्याने थंड होणारं, दोन सिलिंडरचं. बोअर 64, स्ट्रोक 54, आकारमान 347 सीसी. हे आकडे आपल्याकडच्या जुन्या माणसांना ओळखीचे वाटतील. 1983 पासून एस्कॉर्ट्सने भारतात बनवलेल्या राजदूत 350 चे बोअर-स्ट्रोक अगदी हेच होते, फक्त ती हवेने थंड व्हायची. बॅन्शीवर 68 मिलिमीटर बोअरचे सिलिंडर ब्लॉक बसवले की 392 सीसी होतात. सोबत क्रँक बदलून स्ट्रोक 58 केला तर 421. वाळूचे डोंगर चढणारे लोक अशा ब्लॉकसाठी मोठी किंमत मोजतात.

पण सीसी वाढले म्हणजे ताकद त्याच प्रमाणात वाढली, असं होत नाही. या विषयातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट इथेच आहे.

या साऱ्या गाड्या टू-स्ट्रोक. अशा इंजिनात हवा-पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर टाकायला फोर-स्ट्रोकसारखे डोक्यावरचे वाल्व नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या कोरलेल्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो-झाकतो. मिनिटाला 7500 फेऱ्यांच्या वेगात एक फेरी आठ मिलिसेकंदांत संपते. ताजी हवा वर आणणारे ट्रान्सफर पोर्ट त्यातला साधारण तिसरा हिस्सा उघडे राहतात, म्हणजे तीन मिलिसेकंदांहून कमी. एवढ्या वेळात जुना धूर हटवून नवा भरणा आत आला पाहिजे.

आता बोअर वाढवा. आकारमान वर्गाने वाढतं, पण खिडक्या असतात भिंतीवर आणि भिंतीचा घेर वाढतो सरळ प्रमाणात. 50 चे 58 करताना खिडक्यांची उंची तीच ठेवून रुंदी घेराच्या प्रमाणात वाढवली, तरी दर सीसीमागे मिळणारी खिडकी जवळपास 14 टक्क्यांनी लहान होते. इंजिन मोठं झालं, पण त्याचा श्वास आखूड झाला. म्हणून नुसता मोठा ब्लॉक बसवलेली गाडी खालच्या वेगात जोरदार ओढते आणि वरच्या फेऱ्यांना लवकर दमते. वाळूत किंवा चढावर ते चालतं, लांब सरळ ट्रॅकवर नाही. एक्झॉस्टची खिडकी वाटेल तेवढी रुंद करताही येत नाही. पिस्टनची रिंग त्या रिकाम्या जागेत फुगते आणि कडेला अडकून तुटते. एकसंध खिडकीची रुंदी बोअरच्या 70 टक्क्यांच्या आसपास थांबवतात, त्यापुढे मधे पूल ठेवतात किंवा बाजूला छोट्या खिडक्या काढतात. चांगला बिग बोअर ब्लॉक ओळखायचा तो या कोरीवकामावरून. नुसत्या सीसीच्या आकड्यावरून तो ओळखता येत नाही.

सायलेन्सरचंही तेच. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात एक्झॉस्टच्या फुगीर नळीचं शास्त्र बसवलं. धुराबरोबर बाहेर निसटलेला ताजा भरणा त्या नळीतून परतणाऱ्या दाबाच्या लाटेने पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलायचा. 1961 पर्यंत त्यांचं 125 सीसीचं इंजिन 25 अश्वशक्तीच्या घरात पोचलं होतं, म्हणजे लिटरमागे 200. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीने 50 सीसी गटाचं जगज्जेतेपद घेतलं. नळीच्या मापांना एवढं मोल होतं. ब्लॉक बदलून जुनीच नळी ठेवणाऱ्याने ही गोष्ट लक्षात घ्यावी.

सिलिंडरवर झाकणासारख्या बसणाऱ्या हेडकडे तर बहुतेकांचं दुर्लक्षच होतं. समजा मूळ इंजिनाचा दाबाचा रेशो 7 आहे. हेडमधली पोकळी तीच ठेवून सिलिंडर 35 टक्क्यांनी मोठा केला तर रेशो 9 च्या वर जातो. गोव्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात साध्या पेट्रोलवर असं इंजिन ठोके देऊ लागतं आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडायला मग वेळ लागत नाही. हेडची पोकळी नव्याने कातून घेणं हा त्याच कामाचा भाग आहे.

जुन्या ब्लॉकमध्ये ओतीव लोखंडाची स्लीव्ह असते. झिजली की पाव-पाव मिलिमीटरने बोअर वाढवत 0.25, 0.50 असे ओव्हरसाइझ पिस्टन बसवायचे, होनिंग करून भिंतीवर तेल धरणाऱ्या तिरक्या रेघा काढायच्या. खनिजाच्या ट्रकांनी वर्षानुवर्षं गजबजलेल्या डिचोली-साखळी पट्ट्यात हे काम कुणाला नवं नाही. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतो, त्यामुळे दोघांतली फट मिलिमीटरच्या पाच-सहा शतांशांवर राखावी लागते. जास्त ठेवली तर पिस्टन वाजतो, कमी ठेवली तर इंजिन जाम होतं. ही फट हाताने साधणाऱ्या कारागिराबद्दल मला मनापासून आदर आहे. बऱ्याच आधुनिक ब्लॉकना मात्र स्लीव्ह नसते. ॲल्युमिनियमवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर असतो. तो उष्णता लवकर बाहेर सोडतो, पण त्याला बोअर मारता येत नाही, थरच नव्याने चढवावा लागतो.

डिचोलीची धूळ म्हणजे बरीचशी हेमटाइट, ओतीव लोखंडाहून कठीण. पेडण्यात मोप्याच्या पठारावरची जांभ्याची लाल धूळही तितकीच बारीक. टू-स्ट्रोकमध्ये हवा आधी क्रँककेसमधून जाते, म्हणजे फिल्टर चुकवून आलेला कण बेअरिंगला, पिस्टनला आणि भिंतीला, तिघांनाही घासतो. मोठा ब्लॉक जास्त हवा ओढतो, तर धूळही जास्त ओढतो. इथे तेल लावलेला फोमचा फिल्टर पहिल्या दिवसापासून हवा.

हे सारं बंदिस्त ट्रॅकसाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ नोंदीबाहेरचा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. किनाऱ्यावर गाडी घालायलाही बंदी आहे, आणि ती असलीच पाहिजे. मोरजी आणि मांद्र्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्या वाळूवर क्वाडचं चाक फिरण्याला कुठलंही समर्थन असू शकत नाही.

ट्रॅकची गाडी दुसऱ्या वाहनावर लादून चोर्ला घाट ओलांडणाऱ्या स्वारांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे, तिथली हवा किनाऱ्यापेक्षा सात टक्क्यांच्या आसपास विरळ. तिथे कार्ब्युरेटर बसवून घेतलेली गाडी साखळीत उतरली की दाट हवा जास्त भरली जाते, पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो, आणि मोठ्या बोअरच्या इंजिनात आधीच जपून ठेवलेली ती पाच-सहा शतांशांची फट संपते.  म्हणून खाली आल्यावर मेन जेट एक नंबर मोठा घालावा, बंदिस्त जागेत थोडं अंतर पूर्ण थ्रॉटलवर धावून इंजिन तिथल्या तिथे बंद करावं आणि प्लग काढून पाहावा. रंग पांढरट असेल तर जेट आणखी मोठा हवा, तपकिरी असेल तर ट्रॅकवर उतरायला हरकत नाही.