पाण्याच्या मागाने फिन्शगाउ

ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून असलेल्या रेशन घाटापासून इटलीतल्या मेरान शहरापर्यंत सायकलची वाट सुमारे ८० किलोमीटरची आहे. घाट समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आणि मेरान सव्वातीनशे मीटरवर, त्यामुळे वरून निघालेल्या माणसाला बहुतेक सगळा उतारच लागतो. या दरीचे जर्मन नाव फिन्शगाउ, इटालियन नाव वाल व्हेनोस्ता. पहिल्या महायुद्धापर्यंत हा ऑस्ट्रियाचा मुलूख होता. १९१९च्या तहाने तो इटलीला मिळाला, पण घरातली बोली जर्मनच राहिली. रस्त्यावरची प्रत्येक पाटी दोन्ही भाषांत असते.

सायकलची वाट बऱ्याच अंशी जुन्या रोमन मार्गाचाच माग धरून जाते. इसवी सनपूर्व १५च्या मोहिमेत रोमन सेनापती द्रुसुसने आल्प्समधून ही वाट उघडली. साठेक वर्षांनी त्याचा मुलगा, सम्राट क्लॉडियस, याने ती पो नदीपासून डॅन्यूबपर्यंत पक्की बांधून काढली. म्हणून तिचे नाव व्हिया क्लॉडिया ऑगस्टा. वाटेवर किल्ले, मठ, तटबंदीचे गाव, हजार-बाराशे वर्षांची भित्तिचित्रे असा मोठा ऐवज आहे. माझा सल्ला मात्र असा, की ही दरी पाण्याकडे बघत उतरावी. आल्प्समधल्या सर्वांत कोरड्या दऱ्यांत हिची गणना होते. तळाच्या भागात वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. पाणी कोणाचे, ते कोणी अडवले आणि कोणी वाटून घेतले, यावरच इथली माणसे पिढ्यान् पिढ्या जगली आणि भांडली.

घाट उतरताच रेशनचा तलाव लागतो आणि त्यात उभा असलेला चर्चचा मनोरा. हे चित्र जगभर छापले गेले आहे. चौदाव्या शतकातला हा दगडी मनोरा ग्राउन गावाच्या चर्चचा. इथे पूर्वी लहान नैसर्गिक तलाव होते. त्यांची पातळी जेमतेम पाच मीटर वाढवायची, अशी पहिली योजना होती. १९३९-४०च्या सुमारास ती २२ मीटरवर नेली गेली. त्याची सूचना गावात लागली ती इटालियनमध्ये, आणि गाव जर्मन बोलणारे. त्या वेळी मुसोलिनीचे सरकार जर्मन शाळा बंद पाडून, गावांची नावे बदलून हा प्रदेश इटालियन करायला निघाले होते, हे लक्षात घेतले की त्या कागदाचा अर्थ नीट उमगतो. युद्ध संपले, फॅसिस्ट गेले. योजना मात्र तशीच राहिली. गावचे धर्मगुरू आल्फ्रेड रीपर यांनी विरोधाचे नेतृत्व केले. ते थेट रोमला पोप बाराव्या पायसपर्यंत गेले. उपयोग झाला नाही. १९५० साली माँतेकातिनी कंपनीच्या धरणाचे पाणी चढले. १६३ घरे आणि ५०० हेक्टरांहून अधिक शेतजमीन गेली. ग्राउन पूर्ण बुडाले, शेजारच्या रेशनचाही बराच भाग गेला. चर्च पाडले, पण मनोरा जुनी वास्तू म्हणून वाचला. उजनीचे पाणी ओसरल्यावर वर येणारे पळसदेवचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना इथे काठावर उभे राहिल्यावर काय वाटते ते सांगायला नको.

हिवाळ्यात तलाव गोठतो आणि लोक चालत मनोऱ्यापर्यंत जातात. पाण्याखालून घंटा ऐकू येतात अशी दंतकथाही आहे. घंटा तर पाणी चढण्याआधीच उतरवून घेतल्या होत्या. मला दंतकथेपेक्षा २०२१चा वसंत ऋतू महत्त्वाचा वाटतो. दुरुस्तीसाठी तलावाची पातळी खाली नेली आणि चिखलातून घरांच्या भिंतींचे पाये, तळघराच्या पायऱ्या वर आल्या. एकट्या मनोऱ्याचे छायाचित्र सुंदर दिसते, पण इथे एक अख्खे गाव होते हे त्या पायऱ्यांनी दाखवले. काठावर थांबून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने शेजारच्या नव्या ग्राउनमध्येही चक्कर मारावी. गाव सोडून न गेलेल्या कुटुंबांनी ते वसवले आहे.

तलावापासून खाली मालसच्या पठारासारख्या उतारावर वारा जोरदार असतो. डोंगरावरून हजारो वर्षे वाहून आलेल्या दगडमातीचा पंख्यासारखा पसरलेला हा उतार आल्प्समधल्या अशा सर्वांत मोठ्या पंख्यांपैकी एक आहे. उजवीकडे वर पांढराशुभ्र मारीनबेर्ग दिसतो. १३४० मीटरवरचा हा बेनेडिक्टिन मठ युरोपातला सर्वांत उंचावरचा मानला जातो. तिथल्या तळघरातली बाराव्या शतकातली देवदूतांची चित्रे एवढी ताजी राहिली, कारण ती शतकानुशतके झाकलेली होती. खाली मालसमध्ये संत बेनेडिक्टचे छोटे चर्च आहे. त्यातली चित्रे सुमारे इसवी सन ८००ची, म्हणजे शार्लमेनच्या काळातली. दोन्हींतले एकच पाहायला वेळ असेल तर मी मालसचे चर्च निवडीन.

ग्लुर्न्स हे जेमतेम ९०० वस्तीचे तटबंद शहर. मे १४९९मध्ये जवळच्या काल्वेनला स्विस बाजूच्या फौजांनी सम्राट माक्सिमिलियनच्या सैन्याचा धुव्वा उडवला आणि ग्लुर्न्स जाळले. पुढे सम्राटाने ते नव्या तटाने वेढून घेतले. तो तट तीन वेशींसह आजही पूर्ण उभा आहे. सायकल वेशीतून सरळ आत जाते. प्रसिद्ध व्यंगचित्रकार पाउल फ्लोरा इथलाच. थोडे पुढे श्लुडेर्न्सला कूरबुर्ग किल्ला आहे. तिथल्या चिलखतांच्या दालनात किल्ल्याच्या मालक घराण्यातल्या सरदारांनी स्वतः अंगावर घातलेली चिलखते ठेवलेली आहेत. प्राडपासून स्टेल्व्हिओ घाटाचा रस्ता फुटतो: ४८ वळणे, माथा २७५७ मीटरवर, बांधकाम १८२० ते १८२५. १९५३च्या जिरो द इतालिया या सायकल शर्यतीत फाउस्तो कोप्पीने इथेच ह्यूगो कोब्लेटला मागे टाकले. पायांत जोर असेल त्यांनी हा घाट जरूर चढावा, पण त्याला एक वेगळा दिवस हवा.

पुढच्या लास गावात पदपथसुद्धा संगमरवरी आहेत. वरच्या खाणीतला दगड रुळांवरच्या तिरक्या गाडीने खाली येतो. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांच्या हजारो थडग्यांवरचे क्रूस याच दगडाचे.

लासच्या खाली सफरचंदांच्या बागा सुरू होतात त्या मेरानपर्यंत संपत नाहीत. उजवा डोंगर सावलीचा, जंगलाने भरलेला. डावा डोंगर उन्हाचा, उघडाबोडका, गवताळ. या डाव्या डोंगरावरच दरीचे खरे स्थापत्य आहे: पाणी आणणारे पाट. हिमनद्यांचे पाणी अडवून, उतार जेमतेम राखत, कड्यांना लाकडी पन्हळी टांगून ते शेतापर्यंत आणले गेले. काही पाट मध्ययुगातले आहेत. पाण्याच्या पाळ्या तासांनी ठरलेल्या, रात्रीची पाळी असेल तर माणूस कंदील घेऊन बांधावर. प्रत्येक पाटावर एक पाटकरी नेमलेला असे. त्याच्यासाठी केलेली एक युक्ती काही पाटांवर अजून दिसते. वाहत्या पाण्यात लहानसे लाकडी चक्र बसवलेले असते आणि त्याला जोडलेली हातोडी प्रत्येक फेऱ्याला घंटेवर ठोका देते. ठोके पडत आहेत तोवर पाटकरी निश्चिंत. ठोके थांबले की कुठेतरी दगड-पालापाचोळा अडकला किंवा पाट फुटला, आणि त्याने रात्र असो की पाऊस, निघालेच पाहिजे. साऱ्या शेतांचा भरवसा एका घंटेवर ठेवणाऱ्या या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आता बहुतेक ठिकाणी नळ आणि तुषार सिंचन आले आहे. उरलेल्या पाटांच्या काठच्या वाटा चालण्यासाठी आहेत, तेव्हा सायकल खाली कुलूप लावून ठेवावी आणि तासभर पायी जावे. युनेस्कोने २०२३ साली पारंपरिक सिंचनाचे ज्ञान सात युरोपीय देशांच्या नावे अमूर्त वारशात नोंदवले, त्यांत इटलीही आहे.

एप्रिलमध्ये आलात तर आणखी एक प्रकार दिसेल. फुलोऱ्याच्या दिवसांत रात्री पारा शून्याखाली गेला की बागांवर रात्रभर पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता सोडते आणि फूल त्या बर्फाच्या कवचात सुखरूप राहते. पहाटे मैलोन् मैल झाडे काचेसारखी चमकत असतात. याच बागांची दुसरी बाजूही आहे. सफरचंद वर मालसकडे सरकू लागले तसे फवारणीचे औषध वाऱ्याने शेजारच्या गवतावर, भाजीवर जाऊ लागले. २०१४ साली मालसच्या मतदारांनी सुमारे तीन-चतुर्थांश बहुमताने कीटकनाशकांवर बंदीचा कौल दिला. प्रकरण पुढे कोर्टकचेऱ्यांत गेले, पण एका लहान गावाने हा प्रश्न युरोपभर पोहोचवला.

लाच आणि कास्टेलबेलनंतर दरी अरुंद होते. कड्यावरचा युवाल किल्ला गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनरचा. त्याच्या बाजूने आत जाणाऱ्या श्नाल्स खोऱ्याच्या माथ्यावर १९९१ साली ५३०० वर्षांपूर्वीचा हिममानव सापडला. त्याचे शरीर आता बोत्सेनच्या संग्रहालयात आहे. नाटुर्न्सला संत प्रोकुलसच्या चिमुकल्या चर्चमध्ये झोपाळ्यावर बसल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाचे फार जुने चित्र आहे. दहा मिनिटे पुरतात, पण चुकवू नये. राबलांटला क्लॉडियसच्या मार्गाचा मैलाचा दगड सोळाव्या शतकात सापडला. पार्चिन्सला १८६४ साली टंकलेखन यंत्र करणाऱ्या पेटर मिटरहोफरच्या नावाचे संग्रहालय आहे. त्यानंतर ट्यॉलचा तीव्र उतार. ब्रेक आधी तपासून घ्यावेत. मग मेरान.

मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम, पण मला ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा अधिक आवडतो, कारण तोडणी चालू असते. म्युनिकहून किंवा इन्सब्रुकहून लांडेकपर्यंत आगगाडी, पुढे घाटाकडे बस. मेरान ते मालस ही रेल्वे १९०६ साली सुरू झाली, १९९०च्या सुमारास बंद पडली आणि २००५ साली प्रांताने ती पुन्हा चालू केली. गर्दीच्या महिन्यांत डब्यांत सायकलींना जागा कमी असते. म्हणून स्टेशनाजवळच्या दुकानात सायकल भाड्याने घ्यावी आणि दुसऱ्या स्टेशनावर परत करावी. पाय थकले तर मधल्या कुठल्याही स्टेशनावर थांबून गाडी पकडता येते, आणि ज्येष्ठ मंडळींनाही त्यामुळे हा प्रवास सहज झेपतो.