मृतजलाचें गणित

काचेच्या पेल्यांत खालीं पाणी, वर तेल आणि त्यावर तेवणारी वात, असा दिवा आपण पाहिला असेल. १७६२ सालीं बेंजामिन फ्रँक्लिन मडेरा बेटावरून पुढें जात असतां त्यांच्यापाशीं असाच एक दिवा होता. जहाज हेलकावे, पण तेलाचा पृष्ठभाग शांत राही. त्याखालील पाण्यांत मात्र मोठाल्या लाटा उठत. समुद्राच्या पोटांतही हाच प्रकार घडतो, व त्याचा हिशेब मांडतां येतो.

१८९३ च्या ऑगस्टांत नान्सेन यांचें ‘फ्राम’ जहाज सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्यालगत चाललें होतें. यंत्र जोरांत असूनही तें एकाएकीं जेमतेम सरकूं लागलें. खलाशी अशा पाण्याला ‘मृतजल’ म्हणत. तेथें खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर पसरला होता, हें नान्सेन यांनीं हेरलें. पुढें बियर्क्नेस यांच्या सूचनेवरून एकमन यांनीं टाकींत प्रयोग केले व १९०४ सालीं उलगडा प्रसिद्ध केला. यंत्राची शक्ति दोन थरांच्या सीमेवर अदृश्य लाटा उठविण्यांत खर्च होत होती!

आतां थोडें गणित. समजा, गोड्या पाण्याचा थर २ मीटर असून खालचें खोल पाणी त्याहून शेंकडा अडीच जड आहे. सीमेवरील लाटेला गुरुत्वाकर्षणाचा सुमारें चाळिसावा हिस्साच जाणवतो, म्हणजे ९.८ च्या जागीं ०.२४५. त्याला थराच्या जाडीनें, म्हणजे २ नें, गुणून वर्गमूळ काढा. लांब लाटेचा वेग सेकंदास अवघा ०.७ मीटर येतो. जहाजाची गति याच्या आसपास असली कीं तें त्या लाटांत अडकतें. बरीच अधिक गति साधली तर सुटतें.

खालचें पाणी जड, म्हणून ही मांडणी स्वभावतः स्थिर. परंतु थर निरनिराळ्या वेगांनीं वाहूं लागले तर? लाटेच्या शिखरावरून जाणारा प्रवाह जलद होतो, तेथील दाब घटतो व शिखर आणखी वर ओढलें जातें. घनतेंतील फरक लाटेला बसवूं पाहतो, वेगांतील फरक तिला उचलूं पाहतो. ही झुंज हेल्महोल्ट्झ यांनीं १८६८ त व केल्विन यांनीं १८७१ त गणितांत मांडली. या दोन प्रवृत्तींच्या गुणोत्तरास ‘रिचर्डसन अंक’ म्हणतात. तो सर्वत्र पाव किंवा त्याहून अधिक असेल तर लहान लाटा वाढत नाहींत, हें माइल्स व हॉवर्ड यांनीं १९६१ त सिद्ध केलें. तो त्याहून खालीं गेला तर लाटा वाढून फुटूं शकतात व थर एकमेकांत मिसळतात.

हा प्रश्न केवळ खलाशांचा नव्हे. बंगालच्या उपसागरांत गंगा-ब्रह्मपुत्रेचें गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर पसरतें. अशा स्थिर थरामुळें वादळी वाऱ्यालाही खालचें थंड पाणी सहजासहजीं वर आणतां येत नाहीं. पृष्ठभाग उबदार राहतो, आणि ती ऊब चक्रीवादळाला बळ पुरविते. समुद्राचे थर केव्हां मिसळतील याचा अंदाज जितका अचूक, तितकी किनाऱ्यावरील माणसांना मिळणारी पूर्वसूचना भरंवशाची.